सर्वधर्मीय बैठकीत सामुदायिक गायन आणि मौन यांची सांगड कशी घालावी?

टिळकवाडीकर (प्रश्न)

बेळगावात टिळकवाडीच्या एका शाळेच्या सभागृहात आम्ही काही मंडळी दर रविवारी सायंकाळी एकत्र बसतो. वारकरी घरांतले लोक संख्येने अधिक आहेत. त्यांच्याखेरीज एक लिंगायत दांपत्य, दोन जैन कुटुंबे, मेथॉडिस्ट चर्चमधल्या मराठी बोलणाऱ्या काही भगिनी आणि आमच्याच गल्लीतले दोन मुसलमान शेजारी नियमित येतात. धर्मचर्चा हा बैठकीचा हेतू नाही. ती आरंभी करून पाहिली होती आणि चर्चेचा वाद व्हायला फार वेळ लागला नाही. एकत्र बसून ध्यान करावे आणि ध्यानाकडे जाण्याची वाट म्हणून एकत्र गावे, एवढेच मनात आहे.

अडचण अशी की गायन रंगते, पण मौन जमत नाही. अर्धा-पाऊण तास भजन होते, मग सूत्रसंचालक उठून ‘आता पाच मिनिटे मौन पाळू या’ असे सांगतात आणि त्या पाच मिनिटांत सगळी बैठक विस्कटते. पेटीवाले भात्याचा चाप लावतात, टाळकरी टाळ एकमेकांवर ठेवतात त्याचा किणकिणाट होतो, कोणी चष्मा पुसतो, मागच्या रांगेत पुढच्या रविवारी चहा कोणाकडे याची कुजबुज सुरू होते. थोडक्यात, मौन म्हणजे कार्यक्रम संपल्याची खूण असाच सर्वांचा समज झाला आहे.

दुसरी अडचण गावे काय, ही आहे. प्रथम सर्वांना चालेल असे एकच प्रार्थनागीत निवडले होते. त्याला कोणाचाही आक्षेप नव्हता आणि त्यात कोणाचे मनही नव्हते. मग ज्याने त्याने आपापल्या परंपरेतले गावे आणि इतरांनी साथ करावी असे ठरले. तेव्हा एका मुसलमान शेजाऱ्यांनी अत्यंत नम्रपणे सांगितले की, ते ‘रामकृष्णहरी’चा गजर आनंदाने ऐकतील, परंतु उच्चारणार नाहीत. मेथॉडिस्ट भगिनींपैकी एकीचेही तेच म्हणणे पडले. यावर काही वारकरी मंडळी दुखावली. आम्ही तुमचे गातो, मग तुम्ही आमचे का गात नाही, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यात भाषेची भर. लिंगायत दांपत्य आपल्या संतांची वचने कन्नडमध्ये गाते. इथल्या बहुतेकांना बाजारापुरते कन्नड येते, पण सभागृहात सर्वांनी मिळून कन्नड गायचे म्हटले की काहींच्या कपाळाला आठी पडते, आणि ती का पडते हे सीमाभागातल्या वाचकांना ठाऊक आहे.

गायनातून मौनात नीट कसे उतरावे, आणि गायन कोणाचे व कोणत्या भाषेत असावे, याविषयी प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी लिहावे.

कडोलीचा पखवाजी

मी भजनी मंडळात पखवाज वाजवतो, म्हणून पहिल्या अडचणीपुरतेच लिहितो.

आपल्याकडच्या भजनाची घडणच अशी आहे की ते चढत जाते. विलंबित लयीत सुरुवात होते, लय वाढत जाते, गजर द्रुत लयीत जातो, टाळ भिडतात, तिहाई येते आणि शेवटी सगळे मिळून जयघोष करतात. हे फार सुंदर असते, परंतु त्या क्षणी गाणाऱ्याचा श्वास आखूड झालेला असतो, तळहात तापलेले असतात आणि अंगात उत्साह उसळत असतो. अशा माणसाला ‘आता गप्प बसा’ म्हटले तर तो गप्प बसेल, पण शांत होणार नाही. त्यात आपल्या भागात संगीत भजनाच्या स्पर्धा इतक्या होतात की प्रत्येक पदाचा शेवट परीक्षकांसमोर केल्यासारखा दणक्यात करण्याची हाताला सवय लागलेली आहे.

म्हणून मौन जाहीर करू नका, भजनच मौनापर्यंत उतरवत न्या. द्रुत गजर हवा असेल तर तो मध्ये घ्या, आणि त्यानंतर तेच नाम पुन्हा सावकाश लयीत घ्या. मग वाद्ये एकेक करून काढा. आधी टाळ थांबतील, काही आवर्तनांनंतर पखवाज, मग पेटी. आता फक्त गळे आणि तंबोरा उरला. अग्रगायकाने आवाज निम्म्यावर आणावा, बाकीचे आपोआप आणतात. त्यानंतर शब्द सोडून ओठ मिटून तोच स्वर गुणगुणावा आणि तोही सोडून द्यावा. तंबोरा मात्र थोडा वेळ चालू राहू द्यावा. मौनाचे पहिले मिनिट तंबोऱ्यावर काढले की खोकणे, हलणे, चष्मा पुसणे हे सगळे त्याच्या आडोशाला होऊन जाते. आज मोबाईलवरही तंबोरा मिळतो, त्यामुळे वाद्य नाही ही सबब चालणार नाही.

टाळांचे म्हणाल तर प्रत्येक टाळकऱ्यापुढे पंच्याची घडी ठेवा. टाळाची एक वाटी घडीच्या खाली आणि दुसरी वर सरकवली की दोन्ही एकमेकींना लागत नाहीत. पेटीचा चाप बैठक पूर्ण संपल्यावर लावावा. तोपर्यंत भाता उघडा राहिला तर बिघडत नाही.

पट्टीचाही विचार करा. पुरुषांना मोकळी वाटणारी पट्टी बायकांना फार खाली जाते आणि बायकांची पट्टी धरली तर पुरुष ओरडतात. मिश्र बैठकीसाठी षड्जापासून पंचमापर्यंतच्या स्वरांत मावणारी छोटी चाल निवडावी, म्हणजे दोघांनाही आपापल्या सप्तकात ती सहज गाता येते. आणि माईक काढून टाका. वीस-पंचवीस माणसांना माईक कशाला लागतो, आणि त्यात तो घुमणारा एको! माईक असला की एक गातो आणि बाकीचे ऐकतात.

कॅम्पातली वाचक

पखवाजीदादांनी सांगितलेली उतरण मला फ्रान्समधल्या तेझे येथील प्रार्थनेतही दिसते. तिथल्या मठाचा आरंभ ब्रदर रॉजर या स्विस तरुणाने १९४० मध्ये केला. त्या मठात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक असे दोन्ही पंथांचे बंधू एकत्र राहतात. अनेक देशांतून तरुण येऊ लागले आणि त्यांची भाषा एक नव्हती, तेव्हा लांब स्तोत्रे सोडून एक-दोन ओळींची, पुन्हा पुन्हा म्हणायची गीते तिथे रूढ झाली. त्यांपैकी अनेकांना झाक बेर्तिए या फ्रेंच संगीतकाराने चाली दिल्या. दिवसातून तीन वेळा होणाऱ्या प्रार्थनेत साधारण मध्यावर आठ-दहा मिनिटांचे मौन असते, आणि त्यानंतर पुन्हा गायन सुरू होते.

हे ‘मध्यावर’ महत्त्वाचे आहे. तुमच्याकडे मौन शेवटी आहे, म्हणून लोकांना घराची ओढ लागते. मौनानंतरही काही गायचे आहे हे ठाऊक असेल तर माणूस पिशवी आवरायला घेत नाही.

परंतु तेझेचा नमुना जसाच्या तसा उचलू नये, असे माझे मत आहे. तिथे जमणारे बहुसंख्य लोक ख्रिस्ती असतात. पंथ वेगळे असले तरी ज्याचे नाव गायचे तो एकच आहे, त्यामुळे सर्वांनी एकच गीत गाणे त्यांना शक्य होते. तुमच्या सभागृहात तसे नाही. तिथे समान गीत शोधायला गेलात तर तुमच्या पहिल्या प्रार्थनागीताचे जे झाले तेच पुन्हा होईल.

ज्या मेथॉडिस्ट भगिनी गजर उच्चारत नाहीत, त्यांच्याविषयी थोडे. त्यांना भजन परके वाटते असा कृपया समज करून घेऊ नका. नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तभक्तीचे अभंग रचले आणि मराठी चर्चमध्ये त्यांची पदे आजही गायली जातात. टाळ आणि पेटी आमच्याकडेही आहेत. छंद आणि चाल आपली सर्वांची आहे. नाम घेणे ही मात्र आमच्या दृष्टीने उपासना आहे, आणि उपासनेत संकोचाने तोंड हलवणे हा ज्याचे नाम आहे त्याचाही अनादर ठरतो. त्या भगिनींना त्यांच्या परंपरेतले एखादे अभंगवृत्तातले पद गायला सांगून पाहा.

निपाणीवाला

सर्वांना सलाम आणि नमस्कार. ‘आम्ही तुमचे गातो, मग तुम्ही आमचे का गात नाही’ या प्रश्नाचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते. तो प्रश्न प्रेमापोटी आलेला आहे, तरीही तो अडचणीत टाकणारा आहे.

तुमच्या शेजाऱ्यांनी ऐकण्याचे मान्य केले आहे. ऐकणे हा सहभागच आहे आणि त्याला कमी लेखू नये. आमच्याकडे ऐकण्याला मोठा मान आहे. चिश्ती या सूफी परंपरेत ‘समा’ ही ऐकण्याचीच साधना मानली गेली. जो माणूस दर रविवारी तासभर मांडी घालून दुसऱ्याच्या देवाचे नाव मन लावून ऐकतो, त्याच्याकडून आणखी काय हवे? एका बाजूने उच्चार दिला म्हणून दुसऱ्या बाजूनेही तेवढाच द्यावा, असा हिशेब उपासनेत करू नये. वारकरी मंडळींना आमच्या परंपरेतले काही गाताना मोकळे वाटत असेल तर त्यांनी अवश्य गावे, पण परतफेडीच्या अपेक्षेने गाऊ नये.

गायनानंतर मौन ही रीत आम्हाला नवी नाही. जिक्र, म्हणजे अल्लाचे स्मरण, दोन प्रकारचा असतो, उघड आवाजातला आणि मनातल्या मनातला. कादिरी आणि चिश्ती या सूफी सिलसिल्यांत (परंपरांत) आवाजी जिक्र रूढ आहे, नक्शबंदी मंडळी मूक जिक्राला श्रेष्ठ मानतात. काही हलक्यांत, म्हणजे जिक्रासाठी जमणाऱ्या मंडळांत, आवाजी जिक्रानंतर मुराकबा, म्हणजे मान खाली घालून शांत बसणे, होते. विजापूरच्या सूफी परंपरेत तर दखनी भाषेतले चक्कीनामे आहेत. बायकांनी जात्यावर दळताना गायची पदे, आणि जात्याच्या फेऱ्यांबरोबर अल्लाचे स्मरण. ज्यांच्या आजीने जात्यावर ओव्या म्हटल्या असतील त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र हे सगळे सर्व मुसलमानांना मान्य आहे असे धरून चालू नका. वाद्यांविषयी आणि जिक्राच्या पद्धतींविषयी आमच्यात मतभेद आहेत. तुमच्या दोन शेजाऱ्यांना साऱ्या धर्माचे प्रतिनिधी करू नका, त्यांना स्वतःला काय रुचते ते स्वतंत्रपणे विचारा.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. कुराणातल्या आयती म्हणायच्या झाल्या तर ते पठण असते, गायन नव्हे. त्या वेळी पेटी, तबला बंद असावा आणि इतरांनी साथीला सूर लावू नये. दुसरे म्हणजे मगरिबच्या नमाजाची वेळ. ती सूर्यास्ताबरोबर असते आणि वर्षभर पुढे-मागे सरकते. तुमची बैठक ‘रविवारी सायंकाळी’ असेल तर हे शेजारी एक तर नमाज चुकवत असतील किंवा मधूनच उठून जात असतील, आणि दोन्हींविषयी ते तुमच्याकडे कधी बोलणार नाहीत. बैठक सूर्यास्तापूर्वी पूर्ण संपवा किंवा त्यानंतर अर्ध्या तासाने सुरू करा.

खानापूरकर

मला हा सगळा खटाटोपच अनावश्यक वाटतो, आणि तसे स्पष्ट लिहिण्याबद्दल कोणी रागावू नये.

‘प्रत्येक धर्माचे एकेक पद’ ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. गांधीजींच्या आश्रमातील प्रार्थना हळूहळू वाढत गेली. तीत उपनिषद आणि गीता, कुराणातील आयती, पारशी गाथा, जपानी भिक्षूंकडून आलेला बौद्ध मंत्र, भजन आणि धून असे सगळे आले. त्या प्रार्थनेत दोन मिनिटांचे मौनही होते. गांधीजी अध्यक्ष असलेले काँग्रेसचे एकमेव अधिवेशन १९२४ मध्ये याच टिळकवाडीत भरले होते, म्हणून आपल्याला त्या परंपरेचा अभिमान असणे साहजिक आहे. परंतु पुढे काय झाले तेही आठवावे. १९४७ मध्ये दिल्लीच्या प्रार्थनासभेत कुराणपठणाला काही लोकांनी हरकत घेतली, तेव्हा गांधीजींनी ते तेवढे वगळून बाकीची प्रार्थना चालू ठेवली नाही. सगळी प्रार्थनाच थांबवली. त्यांच्या दृष्टीने ती एकसंध होती. आज मात्र सरकारी समारंभात चार धर्मगुरूंना ओळीने उभे करून दोन-दोन मिनिटे दिली जातात, आणि तिला आपण सर्वधर्म प्रार्थना म्हणतो. तुमची बैठक त्याच मार्गाने जाईल अशी मला भीती वाटते.

विनोबांनी भूदानयात्रेत सामुदायिक मौन प्रार्थनेवर भर दिला. मौनात कोणती भाषा, कोणाचे नाम, कोणाची चाल, हे प्रश्नच उरत नाहीत. मग गायन हवेच कशाला? नुसते बसावे आणि उठावे. ज्याला गायचे आहे त्याच्यासाठी देऊळ, चर्च आणि दर्गा आहेतच.

शरीरक्रियेची निवृत्त शिक्षिका

खानापूरकरांच्या शेवटच्या प्रश्नाला मी माझ्या विषयापुरते उत्तर देते. गायन आणि मौन यांचा शरीरावर होणारा परिणाम एकमेकांत गुंतलेला आहे.

इटलीतील लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांचा अभ्यास २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एक योगमंत्र यांपैकी काहीही म्हटले तरी श्वसनाचा वेग मिनिटाला जवळजवळ सहापर्यंत उतरतो आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनक्षम होते, असे त्यांना आढळले. दोन अगदी वेगळ्या धर्मांतल्या जपांची लांबी श्वासाच्या एकाच मापाला येऊन मिळते, हे मला तेव्हाही विलक्षण वाटले होते. याच गटाने २००६ मध्ये ‘हार्ट’ या नियतकालिकात दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २४ जणांना निरनिराळ्या प्रकारचे संगीत ऐकवताना मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या शांततेत हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि श्वसन हे संगीत सुरू होण्यापूर्वीच्या विश्रांतीपेक्षाही खाली गेले. म्हणजे संगीतानंतरची शांतता नुसत्या बसण्यातल्या शांततेपेक्षा वेगळी ठरली. स्वीडनमध्ये २०१३ साली तरुण गायकांवर झालेल्या अभ्यासात एकत्र संथ मंत्र गाणाऱ्यांच्या हृदयगतीचे चढउतार एकाच वेळी होऊ लागल्याचे दिसले. कारण सर्वांचा श्वास ओळीच्या शेवटी एकाच वेळी घेतला जात होता.

या अभ्यासांतील माणसे थोडी होती आणि २००६ च्या प्रयोगात लोक गात नव्हते, ऐकत होते. त्यामुळे यावरून ध्यान किंवा भक्ती सिद्ध होत नाही. पण दोन गोष्टी घेता येतात. निपाणीच्या दादांचे ऐकणारे शेजारी शरीराच्या दृष्टीनेही बैठकीच्या बाहेर नाहीत. आणि मौनापूर्वीचे शेवटचे पद निवडताना ओळीची लांबी पाहावी. सात-आठ सेकंदांची ओळ एका श्वासात आणि मग सावकाश श्वास घेण्याइतकी जागा, असे असेल तर श्वास आपोआप मिनिटाला सहावर येतो. विलंबित लयीतली अभंगाची ओळ त्यात चांगली बसते. द्रुत गजर बसत नाही. पखवाजींनी कानाने ओळखलेली गोष्ट हीच आहे.

चिकोडीहून

आमच्या दिगंबर परंपरेत कायोत्सर्ग असतो. देहाची हालचाल सोडून स्थिर राहायचे आणि मनात नऊ वेळा णमोकार हा आमचा मंत्र म्हणायचा, तो २७ श्वासोच्छ्वासांत. एका णमोकाराला तीन श्वास. मौन किती वेळ ठेवावे याला आमच्याकडे घड्याळ लागत नाही. तुमच्या बैठकीत णमोकार सर्वांनी म्हणण्याची आवश्यकता नाही. २७ श्वास मात्र कोणीही मोजू शकतो. संथ गायनानंतर तेवढ्या श्वासांना तीन-चार मिनिटे सहज लागतात, आणि मोजण्याचे काम हाती असल्यामुळे नवख्या माणसाची चुळबुळ कमी होते.

जमखंडीकर

भाषेविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. विजापूर जिल्ह्यातल्या इंचगेरी आणि निंबाळ या ठिकाणच्या संप्रदायात कन्नड पदे आणि मराठी अभंग एकाच भजनात पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जात आहेत. दासबोधाचे वाचन होते, त्याला जोडून भजन होते आणि ज्याचा त्याचा मूक नामस्मरणाचा ‘नेम’ असतो. गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) हे त्याच परंपरेतले. त्यांनी महाराष्ट्रातील संतांवर लिहिले आणि कन्नड संतांवरही तितक्याच आत्मीयतेने लिहिले. तत्त्वज्ञान आणि धर्म यांच्या तौलनिक अभ्यासासाठी त्यांनी स्थापन केलेली अकादमी तुमच्या हिंदवाडीतच आहे, टिळकवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे एकदा जाऊन बसा.

वचने गाणाऱ्या दांपत्याला ती कन्नडमध्येच गाऊ द्या. भाषांतर करून गायला लावू नका, वचनाची लय मराठीत मोडते. अर्थ हवा असेल तर बैठकीपूर्वी मराठीत दोन वाक्यांत सांगावा. बैठक सुरू झाल्यावर नाही. आणि इतरांनी साथ करावी अशी सक्ती नको. कन्नड गाण्याची सक्ती म्हटली की सीमाभागातला माणूस आडवा जातो आणि मराठीची सक्ती म्हटली की तेच दांपत्य बिथरेल. ऐकायला मात्र दोघांचीही ना नसते. शेवटी हे वचन गाणारे आणि अभंग गाणारे लोक शनिवारच्या बाजारात एकमेकांशी दोन्ही भाषांत घासाघीस करतातच.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मंडळींपुढे हे उत्तर-प्रत्युत्तर वाचून दाखवले. मगरिबच्या वेळेचा मुद्दा शेजाऱ्यांना विचारला तेव्हा ते हसले आणि गेले वर्षभर आपण कसे वेळ साधत होतो ते त्यांनी सांगितले. बैठक आता सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरू होईल.

खानापूरकरांचा आक्षेप मी हलका मानत नाही. प्रत्येक धर्माला एकेक पद देण्याची ओळ लावली तर बैठकीचे प्रदर्शन होते, हे पटले. म्हणून एका बैठकीत जास्तीत जास्त तीन पदे घ्यायची आणि कोणाची पाळी येईल तो प्रश्न हजेरीपटासारखा सोडवायचा नाही, असे ठरवले आहे. एखाद्या रविवारी तिन्ही अभंग असतील, एखाद्या रविवारी दोन वचने आणि ना. वा. टिळकांचे एक पद. जो गातो त्याने आपले म्हणून गावे, ज्याला साथ करायची आहे त्याने करावी, बाकीच्यांनी ऐकावे. प्रत्येक पदानंतर २७ श्वासांचे मौन. हे मौनच तेवढे सर्वांचे समान, आणि गाण्यांना एकसारखे करण्याचा आग्रह सोडून दिल्यावरच ते शक्य आहे, असे माझे आता मत झाले आहे. नुसते मौन ठेवावे ही सूचना मात्र मला स्वीकारता येत नाही. शेजारच्या माणसाचे गाणे ऐकल्यानंतर त्याच्याबरोबर गप्प बसणे आणि अनोळखी माणसाबरोबर गप्प बसणे यांत फरक आहे. विनोबांपुढे रोज नवे गाव आणि नवी सभा असे. आमच्यापुढे दर रविवारी तीच माणसे असतात.

मौन संपल्याची खूण कशी करावी, एवढे राहिले. कोणी घंटा सुचवली, कोणी मोबाईलचा गजर.

कडोलीचा पखवाजी

प्रत्येक पदानंतर थांबलात तर भजनाचा रंग चढणार नाही, हे माझे मत मी नोंदवून ठेवतो. तीन पदे सलग, लय उतरवत, आणि मग एकच मोठे मौन, असेही काही रविवार करून पाहा आणि मग ठरवा. २७ श्वास सवयीच्या माणसाला पुरतात. नवख्याला बसण्यातच तेवढे श्वास जातात.

कॅम्पातली वाचक

मोबाईलचा गजर नको, त्याने सगळे दचकतात. घंटेने कोणाला देऊळ आठवेल, कोणाला चर्च, आणि दोघांचे शेजारी पुन्हा विचारात पडतील. पखवाजीदादांचा तंबोराच घ्या. जो आवाज कमी करत बंद केला होता तोच हळूहळू वाढवत आणावा. ज्याच्या हातात तंबोऱ्याचा मोबाईल आहे त्यानेच श्वास मोजावेत, आणि त्याचे मोजणे सावकाश असल्याची खात्री आधी करून घ्यावी. फोन ‘एअरप्लेन मोड’वर ठेवायला विसरू नये, एरवी रविवारी त्याच वेळेला कोणाच्या तरी मुलाचा पुण्याहून फोन येतोच.